पांढरं स्वयंपाकघर

६ जानेवारी

आई, नमस्कार.

मावशींकडे करमतंय ना? मनगट कसं आहे? प्लास्टरच्या आत खाज सुटली तर विणायची सुई घालू नका, मावशींना फुंकर मारायला सांगा. फोनवर विचारलं की तुम्ही "बरं आहे, बरं आहे" एवढंच म्हणता, आणि तेवढ्यात तुमचे चिरंजीव माझ्या हातातून फोन ओढून घेतात. म्हणून हे पत्र. पत्रात मधे बोलायला त्यांना जागा नाही.

कालपासून तुमच्या घरात हातोडा सुरू झाला. पहिलं न्हाणीघर. जिथे तुम्ही पडलात ती पायरी मिस्त्रींनी माझ्यासमोर फोडली आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं. कुणाचा तरी सूड घेतल्यासारखं. उद्या स्वयंपाकघरातला काळ्या दगडाचा ओटा निघेल. मग दारातला तो अंधारा बोळ, जिथे भर दुपारीसुद्धा दिवा लावल्याशिवाय चप्पल सापडत नाही. आई, मी सगळं पांढरं करतेय. भिंती, फरशी, ओटा, कपाटं, सगळं. टाइलवाला म्हणाला, पांढऱ्यात खोली दुप्पट दिसते. तुमच्या स्वयंपाकघराला दुप्पट होण्याची गरजच आहे.

ठरलेलं मी विसरलेले नाही. हे म्हणत होते, घर विकू आणि आईला आपल्याकडे आणू. मी म्हटलं, आधी घर सुधारू. त्यावर हे म्हणाले, मग आईनं एक दिवस आपल्यासमोर तिथे एकटीनं वावरून दाखवायचं. जमलं तर ती तिच्या घरात राहील, नाही जमलं तर सातव्या मजल्यावर आपल्यापाशी. अट ह्यांची आहे, पण ती मी मान्य केली, म्हणजे आता पैज माझी आहे. म्हणून रोज स्वतः उभी राहून काम करून घेतेय.

एक गंमत. तुमच्या डब्यांना केवढे रबरबँड होते! कुणाला एक, कुणाला दोन, चहाच्या डब्याला तर चार. गॅसच्या बटणावर नेलपॉलिशचा वाळून टणक झालेला थेंब. दिव्याच्या बटणांवर चिकटपट्टीचे तुकडे. किती वर्षांचं साठलेलं कोण जाणे! मी सगळं खरवडून काढलं, डबे भंगारात घातले आणि एकसारख्या पांढऱ्या बरण्यांचा संच आणला. रांगेत अशा उभ्या आहेत, जशा शाळेतल्या मुली प्रार्थनेला.

तुमची,
सूनबाई

१३ जानेवारी

सूनबाई, आशीर्वाद.

उजवा हात गळ्यात आहे, म्हणून मी सांगते आणि धाकटी लिहून घेते. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. तिचं तेवढंच चांगलं आहे. (हेसुद्धा मी लिहिलं, कारण मी प्रामाणिक आहे. — मावशी)

रबरबँड कुणाला विचारून काढलेस? डबे कुणाला विचारून दिलेस? दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरून कुणी असं करतं का? मी कधी तुझ्या कपाटात हात घातला? (इथे ताईची दोन वाक्यं मी गाळली आहेत. ती चिडली की माझं लग्न ठरलं तेव्हापासूनचं सगळं काढते.)

ओटा होता तसा काळाच कर. न्हाणीघरातली पायरी काढलीस ते उत्तम केलंस, पण भिंत आणि जमीन एका रंगाची करू नकोस. नळ होता तिथेच हवा. दिव्यांची बटणं होती तिथेच हवीत. दारातल्या बोळात खुंट्या डाव्या हाताला आहेत, त्या उजव्या हाताला गेलेल्या मला चालायच्या नाहीत. का म्हणून विचारू नकोस. माझी सवय आहे आणि या वयात नवी सवय लागत नाही.

तुमच्याकडे यायला मी नको म्हणते, याचा तू राग मानू नयेस. तू माझं सगळं करशील हे मला ठाऊक आहे, अडचण तीच आहे. तुमच्याकडे मी पाहुणी होणार. पाहुणीला कुणी भांडं विसळू देत नाही, आणि भांडं न विसळणारी म्हातारी लवकर म्हातारी होते. माझ्या घरात मी अजून कामाची आहे.

आई

२१ जानेवारी

आई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर मावशींना आणखी वाक्यं गाळावी लागली असती.

पत्र पोचायच्या आधीच ओटा बसला होता. पांढरा. न्हाणीघराची टाइलही लागली होती, पांढरी, खालपासून वरपर्यंत. नळ खिडकीखाली घेतलाय, कारण तिथे उजेड आहे आणि भांडी घासताना तुम्हाला बाहेरचं झाड दिसेल. खुंट्या उजवीकडे गेल्या, कारण डावीकडे आता बसून चप्पल घालायला बाक केलाय. तोही पांढरा. हे सगळं मी तुमच्यासाठी केलं. माझ्या घरातलं न्हाणीघर गळतंय ते तसंच ठेवून इथे उभी आहे.

तुमच्या पत्रात एकाही गोष्टीला "छान" नाही. मी ते पत्र ह्यांना दाखवायला नको होतं. हे हसले आणि म्हणाले, "बघ, मी सांगत नव्हतो? आईला नवीन काहीच पटायचं नाही. ती रुसून बसेल, आठ दिवसांत तिला इकडेच आणायला लागेल." म्हणजे तुमच्या रबरबँडांपायी मी पैज हरायच्या बेतात आहे. आई, मला वाईट वाटलं. तुमचं माझं कधी असं झालेलं नाही.

सूनबाई

२९ जानेवारी

सूनबाई, आशीर्वाद.

चुकलं माझं. म्हातारपणी जीभ सैल होते आणि दात पडलेले असल्यामुळे ती अडवायला कुणी नसतं. तू एवढी राबतेस आणि मी इथे बसून तंगड्या ओढते.

पांढरं चांगलंच दिसेल. नळ खिडकीखाली चांगलाच. झाड दिसेल. तुला योग्य वाटेल तसं कर. प्लास्टर गेल्या आठवड्यात निघालं, हात आता मोकळा आहे. काळजी नसावी.

आई

(ताईनं सांगितलं तेवढंच लिहिलंय. — मावशी)

१७ फेब्रुवारी

आई, नमस्कार.

काल मी मिस्त्रींना, नळवाल्याला आणि रंगाऱ्याला मीठ घातलेला चहा पाजला.

झालं असं. कपाटांना शेवटचा हात मारायचा म्हणून रंगाऱ्यानं खिडकीला कागद लावले होते. खोलीत पांढुरका अंधार. माझा चष्मा रंगाचे शिंतोडे उडून धूसर झाला होता, तो मी काढून ठेवला. चहा ठेवला आणि माझ्या त्या एकसारख्या पांढऱ्या बरण्यांसमोर उभी राहिले. कोणती कशाची, काही कळेना. एक उघडली, पांढरं दिसलं, घातलं. बिचारे मिस्त्री सभ्य माणूस, त्यांनी निम्मा कप संपवला. नळवाल्यानं मात्र बेसिनच गाठलं. रंगारी म्हणाला, "वहिनी, पगार कापायचा तर सरळ सांगा."

सगळे हसले, मीही हसले. हसता हसता माझा हात बरणीवर होता आणि एकदम मला कळलं. एक रबर म्हणजे मीठ. दोन म्हणजे साखर. चार म्हणजे चहा. गॅसच्या बटणावरचा थेंब म्हणजे बारीक आच कुठे ते. मी कचरा म्हणून जे खरवडून टाकलं, त्यावर तुमचं घर चाललेलं होतं.

कामगार गेल्यावर मी चष्म्याच्या काचांना मधोमध तूप फासलं, तो घातला आणि तुमच्या नव्या न्हाणीघरात गेले. आई, तिथे काही नव्हतं. जमीन कुठे संपते, भिंत कुठे सुरू होते, धरायचा दांडा कुठे आहे, सगळा एकच पांढरा ढग. दांडासुद्धा मी पांढराच बसवलाय, शोभून दिसावा म्हणून. ओट्याच्या काठावर पेला ठेवायला गेले, तर तो काठाच्या बाहेर ठेवला. तुम्हाला पडू नये म्हणून मी जे बांधलं, त्यात धडधाकट मी पडले असते. मी त्या पांढऱ्या बाकावर बसून खूप रडले.

म्हणून आता सरळ विचारते. तुम्हाला नीट दिसत नाहीये का? त्या दिवशी तुम्ही घसरला नव्हतात, पायरी दिसली नव्हती, असंच ना? प्लास्टर निघून इतके दिवस झाले तरी मावशीच का लिहितात?

ह्यांना मी अजून काही बोललेले नाही.

तुमची,
सूनबाई

२४ फेब्रुवारी

सूनबाई,

हो.

(एवढं सांगून ताई अंगणात गेली होती. आता परत आली आहे. पुढचं ती सांगते तसं लिहिते, मधे बोलत नाही.)

दीड-दोन वर्षं झाली. आधी वर्तमानपत्राच्या मधल्या ओळी जायला लागल्या. मला वाटलं छपाई बिघडली. मग सुईचं भोक गेलं. मग माणसांचे चेहरे. जिथे बघावं तिथेच नेमका डाग, कडेकडेचं मात्र दिसतं. धाकटी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. ते म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, कडेचं राहील, पूर्ण अंधार होणार नाही. माणूस बोलायला गोड होता. मी त्याला म्हटलं, कडेचं तर कडेचं, आयुष्यभर मी कडेलाच उभी राहून सगळं केलंय.

तुला सांगितलं नाही, कारण तू त्याला सांगितलं असतंस आणि सांगायलाच हवं होतं, तू बायको आहेस. आणि त्याला कळलं असतं तर अटबिट काही उरली नसती. आंधळ्या आईला कोण एकटं ठेवतो? त्यानं दुसऱ्या दिवशी घराला कुलूप लावलं असतं, तेही प्रेमानं. प्रेमानं लावलेलं कुलूप उघडायला फार जड जातं.

तुमच्या सातव्या मजल्यावर मी खरंच आंधळी होईन गं. तिथला एक कोपरा माझ्या हाताच्या ओळखीचा नाही. इथे मला सगळं पाठ आहे. झोपेतून उठून मी पाणी पिऊन येते आणि एका भांड्याला धक्का लागत नाही. हेच मला पत्रात लिहिता येत नव्हतं, म्हणून रबरबँडांवरून ओरडले. तू झाड दिसेल म्हणून नळ खिडकीखाली नेलास. झाड मला आता हिरवं एवढंच दिसतं. तुला तसं कसं सांगू?

तू बांधलंयस ते तोडायला सांगायची माझी छाती होत नाही. पण विचारलंस म्हणून सांगते. जिथे वस्तू संपते, तिथे रंग बदलू दे. तेवढं झालं तरी मी तरून जाईन.

आई

(मी मधे बोलणार नव्हते. पण ताईच्या डोळ्यांतून कडेनंच नाही, मधूनही पाणी येतंय, हे तुला कळायला हवं. — मावशी)

१४ मार्च

आई, नमस्कार.

तोडलं. थोडंच तोडलं, घाबरू नका.

मिस्त्रींना खरं कारण सांगितलं. त्यांना दुःख झालं नाही असं नाही, टाइल त्यांनी फार जीव लावून लावली होती. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर मीही तूप फासलेला चष्मा घालून उभी राहिले आणि मी अडखळेन तिथे ते खडूनं खूण करत गेले. सबंध घर खडूच्या खुणांनी भरलं.

न्हाणीघराची जमीन आता गडद तपकिरी आणि खरखरीत आहे, भिंती पांढऱ्याच. दांडा लालभडक. शोभत अजिबात नाही. शेजारीण बघून म्हणाली, "हे काय, बस आहे का?" ओट्याच्या काठाला बोटभर काळी दगडी कड लावली आहे, जरा उंच, म्हणजे बोटाला कळेल. नळ जुन्या जागी परत आणला. झाडाचं मी मनातून काढून टाकलंय, तुम्हीही काढा. दिव्याची बटणं होती तिथेच आहेत, भोवती काळी चौकट. वरच्या कपाटांच्या पोटाशी दिव्यांची पट्टी बसवली, म्हणजे उजेड हातावर पडेल, डोळ्यांवर नाही. बाक निळा केला आणि खुंट्या पुन्हा डाव्या हाताला, बाकाच्या वर. माझ्या डोक्यात हे आधी आलं असतं तर एवढं पत्रापत्रीचं रामायण झालंच नसतं.

डबे भंगारवाल्याकडे मिळाले नाहीत. बरण्यांना रबर लावायला मी घेतले आणि मग थांबले. ते तुम्हीच लावा. कशाला किती, ते तुमचं गणित.

आता ह्यांच्याबद्दल. आई, मी हे लपवून ठेवू शकत नाही. जेवताना हे विचारतात, "काळी कड कशाला लावलीस?" आणि मी "फॅशन आहे" म्हणते आणि भात वाढायला उठते. पण मी तुमच्याआधी सांगणारही नाही. डोळे तुमचे आहेत, सांगायचं तुम्हीच. घरात वावरून दाखवायच्या आधी सांगा, नंतर सांगा, तेवढं तुमच्यावर सोडलं. फक्त त्याच दिवशी सांगा.

पुढच्या महिन्यात घ्यायला येतो.

तुमची,
सूनबाई

६ एप्रिल

धाकटे, आशीर्वाद.

अक्षर बघून दचकू नकोस. लिहायला नवीन माणूस ठेवलाय. बिनपगारी आहे आणि मधे मधे बोलतो, म्हणजे तुझ्यासारखाच. (मावशी, नमस्कार. मी तुमचा भाचा. आई सांगतेय ते शब्दशः लिहायची ताकीद आहे.)

काल आले. दारात सूनबाई बाजूला झाली. मी आत पाऊल टाकलं. बाक निळा आहे ते मला कळलं, म्हणजे खरंच निळं काहीतरी दिसलं. चप्पल काढली, पिशवी खुंटीला लावली. हात गेला तिथे खुंटी होती. हा माझ्या मागून दोन्ही हात पसरून चालत होता, जसं कोंबडी पकडायला निघालाय. (मी फक्त काळजी घेत होतो.)

मग मी चहा केला. ओट्याच्या कडेवरून बोट फिरवत गेले, बरण्या वासावर आणि चिमटीवर ओळखल्या आणि मला सगळं सापडत गेलं. तिघांचे कप भरले. बशीत एक थेंब सांडला नाही. न्हाणीघरात जाऊन हातपाय धुऊन आले. दुपारी भाजी चिरली, भांडी घासली, जरा लवंडले. संध्याकाळी हा म्हणाला, "आई, मी उगाच घाबरत होतो. तुला जमतंय." तेव्हा मी त्याला समोर बसवलं आणि म्हटलं, "मला तुझा चेहरा दिसत नाही."

सगळं सांगितलं. हा रडला. (मी रडलो नाही.) रडला. आवाज मला दिसतो. मग रागावला, बायकोवर, तुझ्यावर, माझ्यावर. म्हणाला, "आत्ताच्या आत्ता सामान बांध, आपण जाऊ." मी म्हटलं, "सकाळपासून तू मला डोळे फाडून बघतोयस. तुला कळलं? नाही ना कळलं? मग मी कुठे आंधळी होते? तुमच्या घरी जाईन तेव्हा होईन." त्यावर हातात घेतलेली माझी पिशवी त्यानं परत खुंटीला लावली.

(मावशी, इथे मी माझं लिहितो, आई काही म्हणो. गेलं दीड वर्ष आई माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघत नव्हती. मान वळवून माझ्या कानाकडे बघायची. मी घर विकायचं काढलं म्हणून ती माझं तोंड बघत नाही, असं मला वाटायचं. त्या रागात मी दोन-तीनदा फार वाईट बोललो तिला. काल कळलं, समोर बघितलं की मी तिला दिसतच नाही. कानाकडे बघितलं की डोळ्याच्या कडेनं थोडा दिसतो. ती सबंध वेळ मलाच बघायचा प्रयत्न करत होती.)

काय एवढं लिहितोयस? मी इतकं सांगितलं नाही. असो. तर धाकटे, रात्री दोघंही इथेच राहिली. आज मी बरण्यांना रबर लावले. हा शेजारी बसून मोजत होता आणि मला मोजणी शिकवत होता. डोळ्यांच्या डॉक्टरकडे पुढच्या वेळी हा येणार आहे म्हणतो. येऊ दे. रोज सकाळी फोन करणार म्हणतो. तोही करू दे, त्यालाही काही आधार हवा.

सूनबाई गाडीत जाऊन बसली आहे. हा मात्र अर्धा तास झाला निघतोय. एकदा गॅस बघून आला, एकदा लाल दांडा हलवून आला, आता पत्र पुरं करायचं निमित्त काढून बसलाय. त्याला म्हटलं, ऊठ, तिला तिथे ताटकळत ठेवू नकोस.

(मावशी, उठतो. दाराला बाहेरून ओढून घेतो म्हटलं, तर आई म्हणते, तू नुसता बाहेर हो. दार माझं मी लावून घेते.)